ज्याची त्याची मुदत : एसएसडीतील प्रवाहांचा इतिहास

शाळेच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. प्रत्येक कागदाचे आयुष्य वेगळे असते. जनरल रजिस्टर कायमचे. पन्नास-साठ वर्षांनी कुणीतरी येतो आणि आजोबांच्या नावाची, जन्मतारखेची नोंद मागतो. ती सापडली नाही तर एका घराचे काम अडते. हजेरीपट काही वर्षे ठेवायचा. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका निकाल लागून गेला की रद्दीत.

आता कल्पना करा, की हे तिन्ही प्रकारचे कागद आले त्या क्रमाने एकाच गठ्ठ्यात बांधले आहेत. कपाट भरले, जागा हवी. गठ्ठा सोडायचा, एकेक कागद पाहायचा, जपण्याजोगे बाजूला काढायचे, नव्या गठ्ठ्यात बांधायचे आणि उरलेले फेकायचे. एक दिवस यातच जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आणि दर वेळी हाताळल्याने जपायच्या रजिस्टराचीच पाने झिजतात.

आपल्या लॅपटॉपमधल्या आणि मोबाइलमधल्या साठवणुकीत रात्रंदिवस हेच चालते. ते थांबवण्यासाठी जगभरच्या अभियंत्यांनी जी धडपड केली तिचा हा इतिहास आहे. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. पण एक प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक दप्तराला, प्रत्येक कार्यालयाला लागू पडतो: ज्याला माहिती आहे त्याच्या हाती अधिकार नाही आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला माहिती नाही, तेव्हा काम कसे करायचे?

पुसण्याची अट

फ्लॅश मेमरीचा शोध जपानमधला. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती अभियंत्यांच्या परिषदेत मांडली. तिचा नॅन्ड हा प्रकार १९८७ मध्ये आला आणि आजच्या एसएसडी, पेनड्राइव्ह, मोबाइल हे सगळे त्याच्यावर उभे आहेत. नावामागची हकिकतही सांगण्यासारखी आहे. या मेमरीतील मजकूर एका झटक्यात पुसला जातो, ते पाहून मासुओका यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडले. म्हणजे या मेमरीचे नाव लिहिण्यावरून नाही, पुसण्यावरून पडले आहे. तिची खरी गोम पुसण्यातच आहे.

फळ्यावर एखादा शब्द चुकला तर तेवढाच पुसून आपण तिथे दुसरा लिहितो. नॅन्ड फ्लॅशमध्ये हे जमत नाही. तिथे लिहायचे ते एकेका पानात, आणि पान म्हणजे साधारण ४ ते १६ किलोबाइट. पण पुसायचे ते एकदम पुऱ्या ब्लॉकमध्ये, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो पाने असतात. एकदा लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. त्याचा अख्खा ब्लॉक आधी पुसावा लागतो. शिवाय पुसण्यालाही मर्यादा आहे. प्रत्येक पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी महागडी फ्लॅश सुमारे एक लाख वेळा पुसणे सोसत असे. तीन बिट ठेवणारी आजची स्वस्त फ्लॅश काही हजार वेळांतच थकते.

म्हणून प्रत्येक एसएसडीच्या आत एक छोटा संगणक बसवलेला असतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. आपण फाइल बदलली की तो जुन्या पानाला हात लावत नाही. नवा मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहितो आणि आपल्या वहीत नोंद करतो, की अमुक मजकूर आता तिथे नाही, इथे आहे. जुने पान मेलेले धरायचे. कोरे ब्लॉक संपत आले की तो साफसफाईला निघतो: एखादा ब्लॉक निवडायचा, त्यातली जिवंत पाने दुसरीकडे उतरवायची आणि ब्लॉक पुसायचा.

हिशेब सोपा आहे. १०० पानांचा एक ब्लॉक धरा. त्यात ७५ पाने मेलेली आणि २५ जिवंत असतील, तर २५ उतरवून ७५ पानांची जागा मिळते. आपण ७५ पाने लिहिली तरी प्रत्यक्षात १०० लिहिली गेली, म्हणजे सव्वा पटीहून थोडे जास्त. पण २० मेलेली आणि ८० जिवंत असतील तर? २० पानांच्या जागेसाठी ८० पाने उतरवायची. आपण एक पान लिहावे आणि ड्राइव्हने पाच लिहावीत. ड्राइव्ह पाचपट वेगाने झिजणार, आणि साफसफाई चालू असताना आपले काम रांगेत थांबणार. आपल्याला एवढेच दिसते, की मशीन मधूनच अडखळते.

सगळा खेळ मग एका गोष्टीवर येतो. एका ब्लॉकमधली पाने एकाच सुमारास मरायला हवीत. तसे झाले तर उतरवायला काहीच उरत नाही, ब्लॉक थेट पुसता येतो.

बर्कलेचा जुना धडा

ही गोष्ट एसएसडी बाजारात रुळण्याच्या कितीतरी आधी माहीत झाली होती. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऊस्टरहाउट यांनी १९९१ मध्ये एका नव्या फाइल सिस्टीमवरचा प्रबंध सादर केला. तिच्यात प्रत्येक नवा मजकूर रोजनाम्यासारखा पुढे पुढे लिहिला जायचा. ती साध्या फिरत्या डिस्कसाठी होती, पण साफसफाईचा प्रश्न तिथेही तोच होता.

त्यांच्या प्रयोगात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. काही मजकूर वारंवार बदलतो आणि बाकीचा निवांत पडून असतो, अशी खऱ्या वापरासारखी स्थिती दिली, तर साफसफाई सोपी व्हायच्या ऐवजी अवघड झाली. कारण निवांत मजकूर थोडी थोडी जागा अडवून सगळीकडे पसरून बसायचा. उपाय निघाला तो वयावरून वेगळे करण्याचा. जुना, स्थिर मजकूर एकीकडे आणि चंचल मजकूर दुसरीकडे ठेवायचा. तेव्हा कुठे गणित जमले.

मात्र तिथे लिहिणारी आणि साफसफाई करणारी एकच यंत्रणा होती, ती म्हणजे फाइल सिस्टीम. एसएसडीत ही दोन कामे दोन घरांत गेली. फाइल कोणती, कशासाठी, किती दिवसांची, हे ऑपरेटिंग सिस्टीमला आणि तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रामला ठाऊक असते. कुठे ठेवायचे हे मात्र ड्राइव्हमधला कंट्रोलर ठरवतो. त्याच्यापर्यंत पोहोचतात ते फक्त पत्ते आणि मजकूर. फाइल आहे हेसुद्धा त्याला कळत नाही.

२००९ च्या सुमारास ट्रिम नावाचा आदेश रूढ झाला तेव्हा या भिंतीला पहिली खिडकी पडली. फाइल डिलीट झाली की ऑपरेटिंग सिस्टीम ड्राइव्हला सांगू लागली, की ही पाने आता नकोत. ही मोठी सोय होती. पण ती मृत्यूची बातमी होती. जन्माच्या वेळी आयुष्याचा अंदाज सांगणारे अजून कुणी नव्हते.

लिहितानाच चिठ्ठी

२०१४ मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी एक छोटा प्रबंध मांडला. कल्पना अशी: लिहिण्याच्या प्रत्येक आदेशाबरोबर एक क्रमांक पाठवायचा, प्रवाहाचा क्रमांक. एकाच क्रमांकाने आलेला मजकूर ड्राइव्हने एकत्र ठेवायचा आणि वेगळ्या क्रमांकाचा वेगळ्या ब्लॉकमध्ये. क्रमांकाचा अर्थ ड्राइव्हला कळण्याची गरज नाही. १ म्हणजे उत्तरपत्रिका आणि २ म्हणजे रजिस्टर, हे त्याला ठाऊक नसले तरी चालेल. एक आणि दोन मिसळू नयेत, एवढेच पुरे.

त्यांनी कॅसान्ड्रा या डेटाबेसवर प्रयोग केला. डेटाबेस एकाच वेळी अनेक प्रकारचे लिखाण करतो. आधी रोजनामा लिहिला जातो, तो काही वेळातच निरुपयोगी होतो. मग छोट्या फाइली, ज्या पुढे एकत्र होऊन मोठ्या होतात. आणि शेवटी मोठ्या फाइली, ज्या दीर्घकाळ टिकतात. हे प्रकार वेगवेगळ्या प्रवाहांत घातले तेव्हा साफसफाईचे ओझे उतरले, कामाचा वेग वाढला आणि अडखळणे कमी झाले.

यानंतर ही कल्पना मानकांत शिरली. २०१७ मध्ये आलेल्या एनव्हीएमई १.३ या आवृत्तीत निर्देश नावाची नवी व्यवस्था आली आणि प्रवाह हा त्यातला एक निर्देश झाला. लिहिण्याच्या आदेशात निर्देशाचा प्रकार सांगायला एक रकाना मिळाला आणि प्रवाहाच्या क्रमांकासाठी १६ बिटांची जागा.

दुभाष्याची अडचण

इथून गोष्ट ड्रायव्हरकडे येते. ऑपरेटिंग सिस्टीम आणि यंत्र यांच्यामध्ये जो प्रोग्राम बसतो तो ड्रायव्हर. मी दोन भाषा शिकवतो, त्यामुळे मला तो नेहमी दुभाष्यासारखा वाटतो. वरून आलेली मागणी यंत्राच्या भाषेत सांगायची आणि यंत्राचे उत्तर वर पोहोचवायचे. दुभाष्याचे काम शब्दाला शब्द ठेवण्याइतके सोपे नसते, हे तर्जुमा करून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

१६ बिटांत ६५ हजारांहून अधिक क्रमांक मावतात. पण क्रमांक मावणे वेगळे आणि ड्राइव्हला झेपणे वेगळे. प्रत्येक चालू प्रवाहासाठी ड्राइव्हला अर्धवट भरलेले ब्लॉक उघडे ठेवावे लागतात आणि त्यांचा हिशेब ठेवावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्षात मोजकेच प्रवाह हाती असायचे. एकाच संगणकावर शेकडो प्रोग्राम आणि मोजके प्रवाह. ते वाटायचे कुणी आणि कसे?

लिनक्समध्ये साठवणुकीचा थर सांभाळणारे येन्स ॲक्सबो तेव्हा फेसबुकमध्ये होते. २०१५ मध्ये त्यांनी एक प्रस्ताव ठेवला, ज्यात प्रोग्रामने स्वतःच प्रवाहाचा क्रमांक सांगायचा होता. तो स्वीकारला गेला नाही. त्या वाटेतली अडचण उघड आहे. दोन प्रोग्रामनी योगायोगाने ३ हाच क्रमांक घेतला तर त्यांचा मजकूर पुन्हा एकत्र होणार. एकाने सगळेच क्रमांक अडवले तर दुसऱ्याला काहीच उरणार नाही. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला कोणत्या ड्राइव्हवर किती प्रवाह आहेत हे आधी कळणार तरी कसे?

दोन वर्षांनी त्यांनीच दुसरी वाट काढली. प्रोग्रामने क्रमांक सांगायचाच नाही, मुदत सांगायची. लिखाण अल्पजीवी आहे, मध्यम आहे, दीर्घ आहे की अतिदीर्घ, एवढेच. कुणाला सांगायचे नसेल तर न सांगण्याचीही मुभा. ही सोय सप्टेंबर २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ बरोबर आली. प्रवाहांचे वाटप आता ड्रायव्हरच्या हाती आले.

ते वाटप किती साधे होते हे पाहण्यासारखे आहे. ड्रायव्हर सुरू होताना ड्राइव्हला विचारायचा: तुला निर्देश समजतात का? समजत असतील तर प्रवाहांचा निर्देश चालू कर. मग पुढचा प्रश्न: तुझ्याकडे प्रवाह किती मोकळे आहेत? मुदती चार, म्हणून प्रवाह किमान चार हवेत. चाराहून कमी असतील तर ड्रायव्हर तशी नोंद करून निर्देश बंद करायचा. जास्त असले तरी वापरायचा चारच. एकच ड्राइव्ह अनेक भागांत वाटलेला असतो. मानकात प्रत्येक भागासाठी प्रवाह राखून घेण्याची सोयही होती. पण ड्रायव्हरने ती राखीव पद्धत घेतली नाही. सगळ्या भागांनी सामाईक साठ्यातून वापरायचे ठरले. त्यानंतर लिखाण आले की त्याची मुदत पाहायची. अल्पजीवी असेल तर प्रवाह १, मध्यम २, दीर्घ ३, अतिदीर्घ ४. मुदत सांगितलेली नसेल तर प्रवाह नाही, नेहमीसारखे लिखाण.

यातला शहाणपणा मला मोलाचा वाटतो. क्रमांक ही यंत्राची भाषा आहे आणि मुदत ही माणसाची. आपण लिहितो तो कागद किती दिवसांचा आहे हे लिहिणाऱ्याला सांगता येते, कपाटातला खण कितवा हे नाही. दुभाष्याने ज्याच्या त्याच्या भाषेत ज्याला त्याला बोलू दिले.

पण एक मेखही होती. ही सोय मुळात बंद ठेवलेली होती. ज्याला हवी त्याने ड्रायव्हरला खास सूचना देऊन चालू करायची.

कुणी वापरलेच नाही

२०२२ मध्ये क्रिस्टोफ हेलविग यांनी हा सगळा भाग ड्रायव्हरमधून काढून टाकला. मे २०२२ च्या लिनक्स ५.१८ मध्ये तो नव्हता. काढताना दिलेली कारणे दोन. ही सोय रॉक्सडीबी या डेटाबेसला डोळ्यांसमोर ठेवून आणली होती, पण शेवटी तिचा वापर तिथे झाला नाही. आणि प्रवाह समजणारे ड्राइव्ह खुल्या बाजारात जवळजवळ मिळतच नव्हते. वापर नसलेल्या गोष्टीसाठी ड्रायव्हर जड का करायचा?

कारणे खोटी नव्हती. तरी मागे वळून पाहताना हे दुष्टचक्र स्पष्ट दिसते. ड्राइव्ह मिळत नाहीत म्हणून प्रोग्रामवाले मुदत सांगत नाहीत. कुणी मुदत सांगत नाही म्हणून कंपन्या तसे ड्राइव्ह विकत नाहीत. आणि दोघेही गप्प म्हणून ड्रायव्हरमधली सोय बंदच. यात चूक एकाची नाही. वाचक नाहीत म्हणून पुस्तके नाहीत आणि पुस्तके नाहीत म्हणून वाचक नाहीत, हे चक्र शाळेच्या ग्रंथालयात आपण पाहिलेलेच आहे.

दुसरेही एक कारण आहे, ते प्रवाहांच्या रचनेतच होते. प्रोग्रामने चिठ्ठी लावली, ड्रायव्हरने ती पोहोचवली, पण ड्राइव्हने पुढे काय केले याचा पडताळा घेण्याची नीट व्यवस्था नव्हती. साफसफाईत किती पाने उतरवावी लागली, फायदा झाला की नाही, हे वर कुणाला कळत नसे. उत्तर न येणाऱ्या पत्त्यावर माणूस किती दिवस पत्रे लिहील?

याच काळात दुसऱ्या टोकाचा प्रयोगही झाला. ओपन-चॅनल एसएसडीत ब्लॉकची सगळी व्यवस्था संगणकाकडेच द्यायची होती. त्यासाठीचा भाग लिनक्समध्ये २०१६ च्या आरंभी आला आणि २०२१ मध्ये काढला गेला. सगळा अधिकार हाती आला की सगळी जबाबदारीही येते. ती पेलायला फार थोडे तयार होते.

पुन्हा बोलावणे

फाइलीवर मुदत नोंदवण्याची सोय मात्र ऑपरेटिंग सिस्टीममध्ये शिल्लक राहिली होती. नोंद व्हायची, पण ती खाली ड्राइव्हपर्यंत नेणारा उरला नव्हता. तिची उणीव सर्वांत आधी मोबाइलवाल्यांना जाणवली. फोनमधली यूएफएस ही साठवणूक फ्लॅशचीच आहे, जागा तुटपुंजी आणि लिखाण अखंड. मे २०२४ च्या लिनक्स ६.९ मध्ये मुदतीचा इशारा खालपर्यंत नेणारी वाट, फोनमधल्या या साठवणुकीसाठी, पुन्हा जोडली गेली. पुढच्या वेळी आपला फोन भरत आला आणि संथ झाला, तर आत साफसफाई चालू आहे हे लक्षात असू द्या. थोडी जागा मोकळी ठेवली तर तिला हातपाय हलवायला वाव मिळतो.

एनव्हीएमईच्या घरात गूगल आणि मेटा यांच्या पुढाकाराने नवी व्यवस्था आली. तिचे नाव एफडीपी, म्हणजे मजकूर ठेवण्याची लवचीक पद्धत. २०२२ मध्ये ती मंजूर झाली. गाभा तोच आहे, लिहितानाच गट सांगायचा. फरक असा, की आता ड्राइव्ह हिशेब देतो. एकत्र पुसल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार सांगतो, किती लिहिले आणि प्रत्यक्षात किती लिहावे लागले याची आकडेवारी देतो, मनाविरुद्ध काही हलवावे लागले तर तशी नोंद ठेवतो. आणि ज्या प्रोग्रामला यातले काही कळत नाही त्याचे लिखाणही पूर्वीसारखेच चालते. जुलै २०२५ च्या लिनक्स ६.१६ मध्ये हिच्यासाठी आधार आला. गंमत म्हणजे त्यात प्रोग्रामला पुन्हा प्रवाहाचा क्रमांक सांगता येतो. दहा वर्षांपूर्वी नाकारलेली वाट वळसा घेऊन परत आली. पण आता प्रवाह किती आहेत हे प्रोग्रामला आधी विचारता येते.

लिहिण्याच्या आदेशातला तो निर्देशाचा रकाना आठवतो? २०१७ मध्ये प्रवाहांसाठी ठेवलेला? एफडीपीची चिठ्ठीही त्याच रकान्यातून जाते. प्रवाहांना लिनक्सच्या ड्रायव्हरमधून निरोप मिळाला, पण त्यांनी मांडलेली बैठक मोडली नाही. नवा पाहुणा तिथेच येऊन बसला.

या इतिहासातून मी माझ्यापुरता एक धडा घेतला आहे. जे जपायचे आहे ते नष्ट होते ते दर वेळी कुणाच्या दुष्टाव्याने नाही. पुष्कळदा ते टाकाऊ गोष्टींबरोबर एकाच गठ्ठ्यात बांधलेले असते म्हणून झिजते, हरवते. कुणी लिहितानाच एक शब्द सांगितला असता, की हे कायमचे आहे, तर पुढच्याचे काम सोपे झाले असते. आपल्या घरात सनदी असतात, दाखले असतात, आजोबांच्या हातचा एखादा कागद असतो, आणि त्यांच्याच पिशवीत विजेची जुनी बिलेही असतात. या सुटीत ती पिशवी उघडा. दोन गठ्ठे करा, आणि जपायच्या गठ्ठ्यावर तसे लिहून ठेवा. पुढे कपाट आवरणाऱ्याला आतले काही माहीत नसेल. त्याला तुमची चिठ्ठीच दिसेल.